होल्स्टर आधी, रिव्हॉल्व्हर मागून

रिव्हॉल्व्हर घ्यायला दुकानात जाशील त्याच्या आधी पट्टा घे. चामड्याचा, जाड, दीड इंच रुंद, कमरेला बांधून दोन्ही हातांनी खाली ओढला तरी न मुडपणारा. मग होल्स्टर घे. रिव्हॉल्व्हर सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात. लाखभराचं हत्यार घेतात आणि खोचतात पँटीच्या कमरेत, नाहीतर मोबाइलच्या कापडी पाऊचात.

परवाना मिळाला म्हणून तू पेढे घेऊन आलास, तेव्हा काकीसमोर मी फार बोललो नाही. पंपाचा दिवसाचा गल्ला घेऊन तू रात्री एकटा येतोस, दोनदा तुझ्यामागे मोटारसायकल लागली, हे मला माहीत आहे. पण तू गेल्यावर मला झोप लागली नाही. ३१ वर्षं पोलिसात काढली, त्यातली २२ शस्त्रागारात आणि गोळीबाराच्या मैदानावर. आमच्यात शस्त्रागाराला कोत म्हणतात. त्या कोताच्या दारात मी जे शिकलो ते तोंडी सांगितलं तर तू मान हलवशील आणि विसरशील, म्हणून लिहून देतोय.

होल्स्टर कसं असावं? ताठ. हत्यार बाहेर काढलं तरी त्याचं तोंड उघडं राहिलं पाहिजे. मऊ चामडं काही महिन्यांत लोळतं, त्याची कड आत मुडपते, आणि रिव्हॉल्व्हर परत आत ढकलताना तीच कड चापात अडकते. चाप पुरता झाकला गेला पाहिजे, बोटाचं टोकही आत जाता कामा नये. होल्स्टर पट्ट्याला घट्ट बसलं पाहिजे. घरात रिकामं रिव्हॉल्व्हर त्यात घालून जिने चढ-उतर, वाक, बूट बांध, गाडीत बस. जागचं हललं तर ते होल्स्टर परत कर. उजवा हात चालतो तर उजव्या कमरेवर, हाडाच्या किंचित मागे लाव. घड्याळ धरलंस तर तीन आणि चारच्या मधे. खिशात किल्ल्यांबरोबर कधी नाही. गल्ल्याच्या पिशवीत तर मुळीच नाही, कारण चोर पहिली ओढणार ती पिशवीच.

आणि ते झाकलेलं हवं. शर्ट खोचायचा नाही, वरून बंडी किंवा सैलसर बुशशर्ट घालायचा. ही माझी आवडनिवड नाही, शस्त्र नियम २०१६ तेच सांगतात: सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल-रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असलं पाहिजे, हातात तयार धरून फिरायला सक्त मनाई आहे. आपल्याकडे कमरेचं रिव्हॉल्व्हर दिसावं म्हणून शर्ट मुद्दाम वर करून बसणारे पुढारी तू पाहिले असशील. त्यांचं पाहून शिकू नकोस. दिसलेलं हत्यार हिसकावून घेता येतं, आणि पंपावर रांगेत उभ्या असलेल्या बाईमाणसाच्या पोटात विनाकारण गोळा येतो.

आता मूळ गोष्ट. इतक्या वर्षांत मी ज्या ज्या गोळ्या नको तिथे सुटलेल्या पाहिल्या, त्यातली एकही दरोडेखोरासमोर सुटली नव्हती. सगळ्या सुटल्या हत्यार भरताना, खाली करताना, पुसताना, दुसऱ्याला दाखवताना आणि कपाटात ठेवताना. म्हणून जितक्या वेळा हात लावशील तितक्या वेळा धोका, हा हिशेब धर. सकाळी एकदा, रात्री एकदा. मधे कमरेवर ते आहे हे विसरायचं नाही आणि त्याला हातही लावायचा नाही. आहे ना, म्हणून वरून चाचपायची सवय लागते, ती पहिल्याच दिवसापासून मोड.

माझ्या हातूनही एक गोळी सुटली आहे. १९८७ साली, रात्रपाळी संपवून पिस्तूल जमा करताना. पिस्तुलात दोन जागी काडतूस असतं, एक मॅगझीनमधली थप्पी आणि दुसरं नळीच्या मागे, चेंबरमध्ये. आधी मॅगझीन काढायची, मग स्लाइड मागे ओढून चेंबरमधलं काडतूस बाहेर पाडायचं. मी थकलेला होतो. आधी स्लाइड ओढली, काडतूस पडलं ते उचललं, आणि मग मॅगझीन काढली. स्लाइड पुढे गेली तेव्हाच मॅगझीनमधलं दुसरं काडतूस चेंबरमध्ये जाऊन बसलं होतं. रिकामं झालं असं धरून मी चाप ओढला. गोळी वाळूच्या हौदात गेली. कोतासमोर तो हौद त्याचसाठी असतो, आणि उस्तादांनी आम्हाला हौदाशिवाय हत्यार खाली करायला कधी परवानगी दिली नव्हती. मी क्रम चुकलो, पण नळीचं तोंड कुठे असावं हे चुकलो नाही, म्हणून समोर खुर्चीवर बसलेला हवालदार त्या रात्री घरी गेला. डाव्या कानात तेव्हापासून बारीक शिट्टी वाजते, ती आजही आहे.

तर घरी पहिली सोय वाळूची कर. मोठी लोखंडी बादली, कोरड्या वाळूने गच्च भरलेली, एका ठरलेल्या कोपऱ्यात. भरणं आणि रिकामं करणं तिथेच, तोंड वाळूकडे. पलंगावर बसून नाही, जेवणाच्या टेबलावर नाही, मित्र आलेत म्हणून दिवाणखान्यात तर नाहीच.

तू .३२ चं रिव्हॉल्व्हर घेणार म्हणालास. आपल्यासारख्यांना बहुतेक तेच मिळतं, ९ मिमी सामान्य परवान्यावर मिळत नाही. कानपूरचं जुन्या घडणीचं सरकारी रिव्हॉल्व्हर घेतलंस, किंवा २०१४ साली आलेलं निर्भीक, तर ते मधून मोडतं: घोड्याजवळची कळ दाबली की नळी खाली झुकते आणि सहाही काडतुसं एकदम वर उचलली जातात. निर्भीक वजनाला अर्धा किलो, दिवसभर कमरेवर बाळगायला हलकं, पण हलकं हत्यार हाताला झटका जास्त देतं, हे मैदानावर कळेल. २०२३ च्या प्रबलची चक्री बाजूला उघडते. कुठलंही घे, रिकामं करताना डोळ्यांवर भरवसा ठेवू नकोस. सहा मोज. मग करंगळी एकेका घरात घालून बघ. पुंगळी कधी कधी घरात चिकटून राहते आणि अंधारात दिसत नाही. आमच्यात 'जांच शस्त्र' असा हुकूम होता. त्यात हत्यार उघडून स्वतः बघायचं आणि शेजारच्याला दाखवायचं. तू घरात एकटा असशील तर दोनदा बघ, मधे दहापर्यंत मोजून.

जुन्या घडणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्यावर मार बसला तर चाप न ओढताही गोळी सुटू शकते. म्हणून जुने लोक पाचच भरत आणि घोड्याखालचं घर रिकामं ठेवत. चाप ओढला की चक्री फिरून भरलेलं घर समोर येतंच, तेव्हा अडत काही नाही. नवीन घेतलंस तर ते पडलं तरी गोळी सुटू नये अशी सोय आत आहे का ते दुकानदाराला विचार. त्याने गोलमोल उत्तर दिलं तर पाचच भर. १ ऑक्टोबर २०२४ ची बातमी तुला आठवत असेल. अभिनेते गोविंदा पहाटे कोलकात्याला निघायच्या गडबडीत स्वतःचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवत होते, ते हातातून निसटलं आणि गोळी त्यांच्या पायात गेली. सगळं त्यातच आलं: घर, पहाट, घाई, कपाट. विमान गाठायचं असेल तर हत्याराचं काम आदल्या रात्री उरकावं.

आणि एक गोष्ट मनाविरुद्ध शिकावी लागते. हातातून सुटलं तर पडू दे. कपबशी पडताना आपण झेलतो तसा हात आपोआप पुढे जातो, आणि झेलणाऱ्या बोटांना नेमका चापच सापडतो. मोकळा हात मागे घे, पाय मागे घे, पडू दे. ओरखडा आला तर येऊ दे. रिकामं रिव्हॉल्व्हर गादीवर टाकून हात मागे घ्यायचा सराव कर. हसू येईल, तरी कर.

आमच्या वेळी नियम कवायतीतून अंगात भिनवत. ते नेमक्या शब्दांत मी नंतर ऐकले, अमेरिकेतल्या जेफ कूपर यांचे. कूपर (१९२०–२००६) लष्करातून निवृत्त झाल्यावर ॲरिझोनात १९७६ साली पिस्तुलाची शाळा काढून बसले होते. त्यांचे चार नियम जगभर शिकवतात. हत्यार नेहमी भरलेलंच समजायचं. ज्याचा नाश करायची तयारी नाही त्याच्याकडे नळी वळवायची नाही. नेम लागेपर्यंत बोट चापावर न्यायचं नाही. आणि निशाण काय आहे, त्याच्या मागे काय आहे, हे कळल्याशिवाय गोळी सोडायची नाही. माणूस जखमी व्हायला यातले दोन नियम तरी एकाच वेळी मोडावे लागतात. मी त्या रात्री पहिला मोडला, दुसरा पाळला.

यातला बोटाचा नियम सगळ्यात लवकर सुटतो, कारण बोट चापावरच जाऊन बसायला घडवल्यासारखं असतं. त्याला चक्रीच्या खाली, चौकटीवर सरळ टेकवायची जागा दे. माणूस दचकला, घसरला किंवा डाव्या हाताने काहीतरी घट्ट पकडलं की उजव्या हाताची मूठही आपोआप आवळते. मेंदूच तसा आहे, धैर्याचा संबंध नाही. बोट बाहेर असेल तर मूठ आवळून काही होत नाही.

घोडा अंगठ्याने मागे ओढून ठेवायची सवय लावू नकोस. सिनेमात बरं दिसतं. पण मागे ओढलेल्या घोड्यावर चाप फार हलका होतो, आणि मग तो घोडा पुन्हा हळूच खाली आणणं हे घाबरलेल्या, घामेजलेल्या बोटांचं काम नाही. तुझं रिव्हॉल्व्हर चापाच्या पूर्ण ओढीवरच चालवायला शीक. ओढ जड लागेल, पण ती जडच बरी.

सरावाचं सांगतो. गोळ्या महाग आहेत आणि परवान्यावर मोजून मिळतात, पण तीन चतुर्थांश सराव गोळीशिवायच होतो. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक घेतलं. त्या दर्जाच्या नेमबाजांचाही मोठा सराव रिकाम्या हत्यारावर चालतो. एक दिवसाआड दहा मिनिटं पुरेत. काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. हत्यार दोनदा तपासलेलं. आत नकली काडतुसं घाल, म्हणजे घोड्याची सुई खराब होणार नाही. समोर पक्की विटांची भिंत आणि तिला टेकून वाळूचं पोतं. प्लायवूडच्या फळीकडे तोंड करून नको, फळीपलीकडे आई झोपते.

डाव्या हाताने शर्ट छातीपर्यंत वर उचल आणि तिथेच धरून ठेव. उजव्या हाताची पूर्ण पकड होल्स्टरमध्येच घे, बाहेर काढल्यावर पकड सावरायला वेळ नसतो. सरळ वर काढ, नळी पुढे वळव, डावा हात शर्ट सोडून येऊन मिळू दे. डाव्या हाताचा पंजा नळीच्या पुढे कधीच येता कामा नये. सुरुवातीचा महिनाभर हे इतकं सावकाश कर की बघणाऱ्याला कंटाळा यावा. वेग आपसूक येतो. पण परत आत घालण्यात वेग कधीच आणायचा नाही. आत घालताना थांब, बोट सरळ आहे ना बघ, शर्टाचं टोक किंवा विंडचीटरची दोरी होल्स्टरच्या तोंडात आली नाही ना ते डोळ्यांनी बघ, मग घाल. जर्किनची ती दोरी तर आजच कापून टाक.

सराव संपला की मोठ्याने म्हण, 'संपलं.' घरातल्यांना ऐकू जाऊ दे. कारण भरून ठेवल्यावर 'अजून एकदाच' म्हणून हात परत जातो, आणि ते एकदाच भिंतीत भोक पाडतं.

मैदानावर मात्र जायचं, महिन्यातून एकदा तरी. कानाला मफ, डोळ्याला चष्मा, विसरलास तर परत फीर. गोळी उडाली की हातावर, कपड्यांवर शिशाची धूळ बसते. हात साबणाने धुतल्याशिवाय बाहेरच्या टपरीवर वडापावला हात लावायचा नाही, आणि तोच शर्ट घालून पोरीला कडेवर घ्यायचं नाही.

रोजच्या अडचणी कुणी सांगत नाही त्या सांगतो. हायवेवर ढाब्याच्या संडासात रिव्हॉल्व्हर काढून खुंटीला किंवा टाकीवर ठेवू नकोस, माणूस विसरून निघून येतो. होल्स्टरमधून काढूच नकोस. पट्टा पुन्हा बांधून गुडघ्याशी ताणून धर, नळी आपल्या पायाकडे वळत नाही ना बघ. पंपावर असशील तर आधी ऑफिसच्या तिजोरीत ठेव आणि मग जा. गाडीत सीटबेल्ट शर्टावरून आणि होल्स्टरच्या पुढून गेला पाहिजे, हे उभ्या गाडीत बसून नीट जमव. डॅशबोर्डच्या कप्प्यात कधीही नाही. गाडी चोरीला गेली तर हत्यारही जातं. गेलंच, तर वाट न बघता त्याच तासाला पोलीस ठाणं गाठ. आणि सुटं काडतूस पिशवीत, पँटीच्या खिशात राहू देऊ नकोस. विमानतळाच्या तपासणीत विसरलेलं एक जिवंत काडतूस सापडून सरळमार्गी माणसं अडकतात. काडतुसांचा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज लिहीत जा.

रोज सकाळी तेच काडतूस वर, रात्री तेच खाली, असं पुढे कधी पिस्तूल घेतलंस तर करू नकोस. वारंवार चेंबरमध्ये ठोकलं गेलं की गोळी पुंगळीत मागे दबते आणि फुटताना दाब वाढतो. क्रम बदलत राहा, दबलेलं दिसलं तर बाजूला काढ.

पालीच्या खंडोबाची यात्रा, गणपतीची मिरवणूक, पोरीची शाळा, इथे हत्यार न्यायचं नाही. परवान्याच्या अटीच आहेत त्या, मागच्या पानावर छापलेल्या. तू पेढा खात होतास तेव्हा मी त्याच वाचत होतो. लग्नात कुणी म्हणालं एक बार काढ, तर तिथून ऊठ. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असल्या आनंदाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. पण कैदेचं सोड. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येते. ज्या दिवशी पिणार असशील, त्या दिवशी ते कुलपात. सर्दीचं झोप आणणारं औषध घेतलंस तरी कुलपात. आणि बायकोशी, भावाशी वाद झालेल्या दिवशीही. हे मी फार मनापासून सांगतोय, यात सूट नाही.

कमरेला हत्यार असलेल्या माणसाने रस्त्यावरचं प्रत्येक भांडण हरायचं असतं. कुणी गाडीला घासलं, शिवी दिली, काच खाली करू नकोस. घाबरवण्यासाठी हत्यार काढणं, नुसतं शर्ट वर करून दाखवणं, हा गुन्ह्याकडे जाणारा रस्ता आहे. स्वसंरक्षणाचा हक्क आता भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ कलमांत आहे. वकिलाकडून एकदा समजून घे. गरजेपेक्षा जास्त इजा त्या हक्कात बसत नाही, आणि पळून जाणाऱ्याच्या पाठीत गोळी तर बसतच नाही. गल्ला मागितला तर टाकून दे. पैसे पंपाचे आहेत, जीव तुझा आणि समोरच्याचाही. खरं तर रोज वेगळ्या वेळी निघणं आणि बँकेची गाडी पंपावर बोलावणं या दोन गोष्टी रिव्हॉल्व्हरपेक्षा जास्त कामाच्या आहेत. त्या आधी कर.

घरी पोलादी तिजोरी भिंतीत पक्की कर. हत्यार एका कप्प्यात, काडतुसं दुसऱ्यात. किल्ली देवघरात नको, ती जागा प्रत्येक घरातल्या प्रत्येक पोराला ठाऊक असते. पोरीला खोटं सांगू नकोस की घरात काही नाही. तिला सांग की आहे, आणि कुठेही दिसलं तर हात न लावता मोठ्या माणसाला हाक मारायची, आपल्या घरात असो वा मैत्रिणीच्या. दोनचार महिन्यांनी पुन्हा विचार, आठवतं का.

रात्री आवाज झाला तर आधी दिवा, मग हाक, मग बाकी सगळं. अंधारातल्या सावलीवर कधी नाही. मी नोकरीत असताना उशिरा घरी यायचो, तुझा चुलतभाऊ लहान होता, पाणी प्यायला उठायचा. त्या स्वयंपाकघरातली ती छोटी सावली मला अजून आठवते, आणि माझ्या कमरेला तेव्हा काय असायचं तेही.

निवडणूक लागली की ठाण्यातून नोटीस येईल, हत्यार जमा करा म्हणून. कुरकुर न करता जा. देताना रिकामं करून, उघडून दे, पावती घे, परत घेताना नंबर ताडून बघ.

रविवारी सकाळी ये. हत्यार अजून घेतलं नसलं तरी चालेल, माझ्याकडे कवायतीचं लाकडी पिस्तूल आहे, पहिला महिना त्याच्यावरच जाईल. तुझे नेहमीचे दोन शर्ट आण, पावसाळी जर्किन आण, आणि सध्या वापरतोस तो पट्टा घालूनच ये. रुंदी मोजून ठेवतो, चांभाराला नवीन सांगताना उपयोगी पडेल.